‘जरा पडते’ म्हणायची सोय: थकलेल्या बाईने विसावा परत कसा मिळवायचा

सोलापुरात बऱ्याच भागांत पाणी रोज येत नाही. तीन-चार दिवसांनी पाळी येते, तीही कधी रात्री अकराला, कधी पहाटे चारला. नळ सुटला की पिंप, हंडे, टाकी भरायला तासभर जातो. हे काम निदान दिसतं तरी. पण आज आपली पाळी आहे हे लक्षात ठेवायचं, त्याआधी जुनं पाणी धुण्याला काढून पिंप घासून ठेवायचं, गल्लीत पाणी सोडणारा चावीवाला आला का हे शेजारणीला विचारायचं, मोटर लावून डोळा लागू न देता बसायचं, पिण्याचं पाणी गाळून वेगळं झाकायचं आणि ‘आज पाणी येणार’ म्हणून माहेरी जायचा बेत पुढे ढकलायचा, हे कुणाच्याच हिशेबात नसतं. सकाळी बाकीचे उठतात तेव्हा घरात पाणी असतं, एवढंच त्यांना ठाऊक.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर लोकांचा वेळ कशात जातो याची पाहणी केली. बायकांची दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषांची ८८. आधीच्या, म्हणजे २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाची नऊ! शिवाय ही ८८ मिनिटं फक्त त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्या पुरुषांची सरासरी आहे. ज्यांनी हातच लावला नाही ते यात नाहीत. आणि पिंपाची पाळी लक्षात ठेवणं कुठल्या मिनिटात धरायचं?

माझं म्हणणं या लेखात एकच आहे. हात थांबले म्हणजे विसावा मिळतो असं नाही. कामाची आठवण आणि काळजी दुसऱ्याच्या डोक्यात जाते तेव्हाच तो मिळतो. म्हणून ‘कामं भराभर उरका म्हणजे वेळ उरेल’ हा सल्ला मला पटत नाही. उरलेल्या वेळात घर नवं काम घालतं. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा. मधली पायरी गाळली की पुढची कोसळते.

सुरुवातीआधी: रक्त तपासून घ्या

‘हल्ली मला फार आळस आलाय’ असं म्हणणाऱ्या बाईला मी आधी हिमोग्लोबिन विचारते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असलं की रक्त कमी धरतात. जिना चढताना धाप लागणं, केसांचे पुंजके हातात येणं, कच्चे तांदूळ किंवा खडू खावासा वाटणं, ही त्याची नेहमीची लक्षणं. सोबत थायरॉइड, साखर आणि बी-१२ बघून घ्या. सिव्हिलला किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात आधी चौकशी करा, तिथे बराच खर्च वाचतो. पाळीत अंगावरून खूप जात असेल तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारतीलच याची वाट पाहू नका. लोहाची गोळी चहासोबत गिळायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा तासा-दोन तासांनी. चाळिशीच्या पुढे झोप उडणं, अंगातून वाफा निघणं सुरू झालं असेल तर तेही डॉक्टरांशी बोलायचं प्रकरण आहे.

दुसरी तपासणी मनाची. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच जीव रमत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, ‘आपण नसलो तरी चालेल’ असे विचार येत असतील तर खालच्या पायऱ्या बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन लावा. ही टेली मानस नावाची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री चालते आणि मराठीत बोलता येतं. घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर ‘कामाची वाटणी’ हा तुमचा प्रश्न नाही. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

एक गंमत सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोग-वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची सविस्तर व्याख्या दिली. पार गळून जाणं, कामाबद्दल मनात कडवटपणा येणं आणि आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन अंगं. पण व्याख्या नोकरी-धंद्यापुरती. म्हणजे घरची बाई स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून रडायला लागली तर ती त्या व्याख्येत बसतच नाही.

पहिली पायरी: आठवडाभर लिहा

कॅलेंडरच्या ज्या पानामागे दुधाचा हिशेब लिहिता, तिथेच दोन रकाने आखा. एक हाताच्या कामाचा, दुसरा डोक्यातल्या कामाचा. पाण्याची निदान एक पाळी त्या आठवड्यात आली पाहिजे. जुळे सोलापुरातल्या एका शिक्षिकेच्या कागदावरची एक सकाळ अशी होती:

पावणेसहा. दूध तापवलं. (डोक्यात: आत्यांच्या बीपीच्या चारच गोळ्या उरल्यात.) सहा. पीठ मळलं. (ह्यांना डब्यात भाकरी वाळते, म्हणून चपाती. धाकट्याला ढोबळी मिरची चालत नाही.) साडेसहा. डबे भरले. (शाळेत पालक सभा शुक्रवारी की शनिवारी? गॅस लावून किती दिवस झाले?) सात. आंघोळ. (आज भांडेवाली येणार नाही म्हणाली होती का?)

तिच्या हाताच्या रकान्यात ओळी मोजक्या होत्या. डोक्याचा रकाना मात्र पान उलटून मागे गेला होता. तो कागद तिने नवऱ्यापुढे ठेवला तेव्हा तो म्हणाला, ‘अगं, मला सांगायचं की, मी केलं असतं.’ सांगणं हेसुद्धा कामच आहे, हे तिने त्याच कागदावर खाली लिहून टाकलं.

लिहिताना स्वतःशी खोटं बोलू नका. ‘हे काय काम आहे का’ म्हणून जे गाळाल, नेमकं तेच लिहायचं असतं: नणंदेच्या मुलाच्या वाढदिवसाला काय द्यायचं, मुलगी आज गप्प का आहे, सासरे आणि दीर यांच्यात बोलणं बंद असताना निरोप कसा पोचवायचा. माणसं सांभाळणं हे घरातलं सगळ्यात दमवणारं काम असतं आणि कागदावर सगळ्यात शेवटी येतं.

दुसरी पायरी: काही कामं सरळ सोडा

आठवड्याचा कागद घेऊन प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे नाही झालं तर कुणाचं काय अडेल? बऱ्याच ओळींचं उत्तर ‘कुणाचं काही नाही’ असं येतं. चादरींना इस्त्री, रोज दोन भाज्या, पाहुणा आला नाही तरी दिवाणखाना सतत पाहुण्यांसाठी मांडलेला. ही कामं कुणाच्या गळ्यात घालायची नाहीत, बंद करायची. आणि गाजावाजा न करता. जाहीर केलं की चर्चा होते, चर्चेत तुम्ही हरता.

जेवणाकडे मात्र जरा थांबून बघू. ज्वारीच्या गरम भाकरीचं एक आहे, ती थापणारी शेवटी जेवते. तव्यावरून ताटात, ताटातून पोटात, आणि बाई परातीपाशी. भाकऱ्या सगळ्या थापून टोपलीत कापडाखाली ठेवायच्या आणि सगळ्यांनी एकत्र बसायचं, एवढा बदल केला तरी रोजचा अर्धा तास आणि गरम जेवण दोन्ही मिळतं. पहिले चार दिवस ‘गार झाली’ असं ऐकावं लागेल. तवा जवळच आहे, ज्याला गरम हवी त्याने शेकून घ्यावी.

दुसरं, सोलापूरकरांना कडक भाकरी मिळते याचा फायदा आपण पुरेसा घेत नाही. पातळ थापून खरपूस वाळवलेली ही भाकरी कोरड्या डब्यात महिनाभर सहज टिकते. बचत गटाच्या बायका करून विकतात, पाकिटं दुकानात मिळतात. आठवड्यातल्या दोन रात्री ठरवून टाका: कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. गॅस पेटवायचा नाही. ज्याने त्याने आपलं ताट घ्यायचं आणि धुवून ठेवायचं. ‘हे काय जेवण झालं?’ असं म्हणणारा माणूस सापडेलच, पण हाच माणूस कडक भाकरी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना कौतुकाने बांधून देतो, याची आठवण करून द्या.

बाहेरून काम करून घेणं परवडत असेल तर जरूर घ्या. फक्त आपली सुट्टी काढण्यासाठी धुणंभांडी करणारीची सुट्टी खाऊ नका. तिला आठवड्यातला एक दिवस पगार न कापता द्या. तिच्याही घरी पाण्याची पाळी असते.

तिसरी पायरी: काम मुळासकट द्या

जी कामं सोडता येत नाहीत ती वाटायची. इथे बहुतेक घरांत गाडी अडते, कारण आपण काम देतो आणि काळजी स्वतःकडे ठेवतो. ‘अहो, मोटर लावा’, ‘अहो, पिंप भरलं का बघा’ असं पाचदा सांगावं लागत असेल तर पाणी तुम्हीच भरताय, हात फक्त दुसऱ्याचे आहेत.

म्हणून सुरुवातीला एकच काम निवडा आणि ते शेंड्यापासून बुडख्यापर्यंत द्या. पाणीच घ्या. निवांत वेळ बघून, भांडणाच्या भरात नव्हे, असं काहीसं बोला: ‘अहो, या महिन्यापासून पाणी तुमच्याकडे. पाळी कधी आहे ते तुम्ही बघायचं, चावीवाल्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये टाकते, पिंप घासायचं, उठायचं, पिण्याचं गाळायचं. मी त्या रात्री उठणार नाही.’ एकदा सोबत उभं राहून सगळं दाखवा. त्यानंतर तोंड बंद. आठवण करायची नाही, मध्यरात्री ‘झालं का?’ विचारायचं नाही, आणि हंडा तुमच्या पद्धतीने झाकला नाही म्हणून परत झाकायला जायचं नाही. हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड. आपल्याला नीटनेटकेपणाची खोड असते, आणि आपण परत केलं की समोरचा कायमचा सुटतो.

एखादी पाळी चुकेल. टँकर मागवावा लागेल किंवा शेजारून दोन हंडे आणावे लागतील. तेही ज्याच्याकडे काम आहे त्यानेच करायचं. औषधं, लहान मूल, म्हाताऱ्या माणसाचं पथ्य अशी चुकली तर जिवावर बेतणारी कामं मात्र पहिल्या फेरीत देऊ नका. आधी जिथे चूक परवडते तिथे समोरच्याचा हात बसू द्या.

नवरा यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून येत असेल तर तोही थकलेला असतो, हे खरं आहे. तेव्हा त्याच्या सुट्टीच्या दिवसाशी जुळेल असं काम द्या: किराण्याची यादी करण्यापासून पिशव्या आणण्यापर्यंत, किंवा मुलांची शाळा पूर्ण, गटावरच्या निरोपांसकट. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की स्वतःचा डबा आणि स्वतःचे कपडे त्याचे. मुलीला जे शिकवता तेच. एकत्र घरात जावेशी आठवड्याच्या पाळ्या बांधा: तिच्या आठवड्यात तुम्ही स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

सासूबाईंचं काय? त्या हे सगळं बघून गप्प बसणार नाहीत, आणि त्यांचंही बरोबर असतं. त्यांना कुणी कधी बसू दिलं नव्हतं. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना विसाव्यात सामील करून घ्या. ‘आत्या, दुपारी दोन ते तीन मी पडणार. तुम्हीपण पडा. चहा साडेतीनला हे टाकतील.’ दोन पिढ्या एकदम आडव्या झाल्या की घराला बोलायला जागा राहत नाही.

चौथी पायरी: विसाव्याची वेळ आणि जागा ठरवा

हे आधी करता येत नाही, म्हणून चौथं. काम डोक्यात असताना आडवं झालं तर छताकडे बघत उद्याची भाजी ठरते.

वेळ घड्याळाची हवी, ‘सगळं आवरल्यावर’ची नको. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून बसतो. दुपारी दोन ते साडेतीन गॅससमोर उभं राहणं तब्येतीलाही बरं नाही. भाजी-आमटी सकाळी अकराच्या आत उरका आणि दुपार मोकळी ठेवा. नोकरी करणारीने घरी आल्यावरची पहिली वीस मिनिटं धरावीत: पर्स ठेवायची, पाय धुवायचे, आत जाऊन दार लोटायचं. ओट्याकडे बघायचंच नाही. मुलांना सांगून ठेवा, मोठा काटा चारवर येईपर्यंत आई घरात नाही.

रात्रीची झोप या दुपारच्या विसाव्यावर भागवू नका. पाणी भरण्यासाठी जागरण झालं तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी सकाळचे डबे बघायचे, हे तिसऱ्या पायरीतच ठरवून घ्या.

फोनबद्दल सांगायलाच हवं. आडवं पडून तासभर रील्स बघितल्या की वेळ जातो, शीण तसाच राहतो. फोन दुसऱ्या खोलीत. झोप आली नाही तरी डोळे मिटून पडलेलं चालतं.

काहींना घरात विसावा मिळतच नाही, कारण नजर जाते तिथे काम दिसतं. त्यांनी आठवड्यातून एकदा बाहेर पडावं. सिद्धेश्वर तलावाच्या काठी, भुईकोट किल्ल्याच्या बागेत, हिराचंद नेमचंद वाचनालयात. मंदिरात जाते म्हटलं की परवानगी पटकन मिळते, हे आपण सगळ्याच जाणतो. मिळते तोवर वापरावी. फक्त येताना भाजी आणायची नाही. भाजी आणली की तो बाजार झाला.

घरी बसून विड्या वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या बायकांसाठी

सोलापूरच्या पूर्व भागात, विडी घरकुलात, कुंभारीकडे हा लेख वाचून कुणी म्हणेल, आमची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, आडवं पडलं की पैसे बुडतात. खरं आहे. तुमच्या विसाव्याला किंमत पडते आणि ती तुम्हीच मोजता. पण यातला एक सापळा ओळखा. मुलीने भांडी घासली, नवऱ्याने पाणी भरलं, की वाचलेल्या तासात आपण अजून शंभर विड्या वळतो. मग घरकाम कमी होऊनही शीण तेवढाच, आणि घरच्यांना वाटतं आता हिला बराच वेळ असतो. निदान वाचलेल्या वेळातला अर्धा भाग पाठ टेकायला राखून ठेवा आणि तो पैशात मोडू नका.

बाकी साधं: पाठ भिंतीला टेकून बसा, तासा-तासाने उठून दारापर्यंत जाऊन या, मान दोन्हीकडे वळवा. तंबाखूचं सूप झोपायच्या खोलीत नको, लहान मूल मांडीवर घेऊन वळणं नको. पान भिजवणं, कापणं हे रात्रीच्या जेवणानंतर सुरू होतं तिथेच झोप जाते. ते संध्याकाळी चार-पाच जणींनी मिळून उरकता आलं तर रात्र मोकळी होते.

सणासुदीची तयारी आधीच करा

इतकं सगळं बसवलेलं एका सणात उधळतं. आपल्या जिल्ह्यात वेळ अमावस्येला शेतात जेवायला माणसं जमतात आणि बाई मध्यरात्री उठून पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील, उंडे करत बसते. पाठोपाठ भोगी, संक्रांत, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, पाहुणे, मग रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. हे सण मोडावेत असं मला मुळीच वाटत नाही. भज्जीची चव मलाही सोडवत नाही. पण ती दहा माणसांची जत्रा एका बाईच्या रात्रीवर का उभी राहावी?

डिसेंबर लागला की घरच्यांना एकत्र बसवा आणि कागद काढा. वेळ अमावस्येला पालेभाज्या निवडणं, शेंगा सोलणं आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून करायचं. भांडी शेतात नेणं-आणणं-घासणं पुरुषांकडे पूर्ण. यात्रेला येणाऱ्या पाहुण्यांना आधीच कळवा की अंथरुणं आहेत, सकाळचा चहा-नाष्टा आहे, रात्रीचं जेवण गड्ड्यावर. हळदीकुंकवाचं वाण एकच, एकदम घेतलेलं, आणि बोलावणं गल्लीतल्या चौघींनी मिळून एकाच घरी ठेवायचं. सणाच्या दुसऱ्या दिवशी कुठलाच कार्यक्रम धरू नका, आणि तो दिवस कॅलेंडरवर आत्ताच खुणा करून ठेवा.